खिडकीतली बरोबरी

७ जानेवारी

एरवी हे मी हिला सांगितलं असतं. संध्याकाळचा चहा झाला की दिवसभर डोक्यात साठलेलं सगळं मी हिच्यापुढे ओततो. ही भाजी निवडता निवडता "हं, हं" करते आणि मला बरं वाटतं. इतकी वर्षं असंच चाललंय. आज ही घरात नाही. म्हणून औषधांच्या दुकानदाराने दिलेली डायरी काढून बसलोय. माझं शिक्षण सातवीपर्यंत. अक्षर चांगलं आहे असं मास्तर म्हणायचे. बाकी काही चांगलं म्हणाल्याचं आठवत नाही.

ही बुद्धिबळ शिकायला गेली आहे.

लिहिलं आणि परत वाचलं. खरंच तसं आहे. वाचनालयाच्या वरच्या खोलीत वर्ग निघालाय, सोमवारी आणि गुरुवारी. पाटीवर लिहिलंय, वयाची अट नाही. शिकवणारा माणूस म्हणजे ग्रँडमास्टर. देशोदेशी खेळून आलेला, वर्तमानपत्रांत फोटो येऊन गेलेला, मोठमोठे खेळाडू तयार केलेला. उतारवयात नेमका इथे राहायला आलाय. जगात दुसरी गावं नव्हती.

"अगं, या वयात तुला हे काय सुचलं?"

"तुम्हाला किती वेळा म्हटलं, मला शिकवा. तुम्ही म्हणायचात, तुला जमायचं नाही."

"मग?"

"मग बघते जमतंय का."

आणि गेली. दाराला कडी लावावी की नाही ते कळेना. ती बाहेरून येणार, म्हणजे लावायला नको. पण उघडं दार टाकून बसायचं कसं? लावली, काढली, परत लावली. जन्मभर कुलपं दुरुस्त केली आणि स्वतःच्या दाराचा निर्णय होत नाही.

८ जानेवारी

दुपारी टेलरच्या दुकानात गेलो. त्याच्या कापायच्या टेबलाच्या एका टोकाला आमचा पट असतो. मी, टेलर आणि येईल तो. हिच्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही असं ठरवून गेलो होतो, पण टेलरला आधीच सगळं माहीत.

"काय कुलूपवाले, वहिनी ग्रँडमास्टरकडे जातात म्हणे. आता तुमचं काही खरं नाही."

"तिला हत्ती कोणत्या कोपऱ्यात ठेवायचा तेही माहीत नाही."

"मग ती तुमची बरोबरी? आता विचारून घ्या की त्यालाच. आयतीच सोय झाली." त्याचे दोघे कारागीर मशीन थांबवून हसले. मी घोडा भलत्याच घरात ठेवला आणि हरलो.

बरोबरीबद्दल लिहून ठेवतो. लग्नाआधी मी कुलपांच्या कारखान्यात होतो. तेव्हा हाच माणूस आमच्या जेवणघरात खेळायला आला होता. अजून ग्रँडमास्टर झाला नव्हता, मिसरूडही धड फुटलं नव्हतं, पण नाव गाजायला लागलं होतं. टेबलं गोलाकार मांडली, आम्ही बाहेरून बसलो आणि तो आतून फिरत सगळ्यांशी एकदम खेळला. एकेक करून सगळे पडले. फोरमन तर चहा संपायच्या आत पडला. शेवटी माझा एकट्याचा पट राहिला. मी चाल केली. त्याने पटाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि हात पुढे केला. "बरोबरी?" टाळ्यांनी पत्रे हादरले. लोकांनी मला खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला, जमलं नाही.

घरी येऊन शेवटी पट जसा होता तसा मांडला, तो आजतागायत खिडकीत आहे. दोन राजे, त्याची तीन प्यादी, माझी तीन प्यादी. त्याला हात लावायची परवानगी फक्त हिला. रोज एकेक सोंगटी उचलते, पुसते, होती तिथे ठेवते. लेकीने लहानपणी एकदा माझा राजा बाहुलीचा नवरा म्हणून पळवला होता, तेव्हा घर डोक्यावर घेतलं होतं मी. हिच्याकडे लग्नाचं बोलायला गेलो तेव्हा आधी बरोबरी सांगितली, पगार नंतर.

आयुष्यात दाखवण्यासारखं माझ्याकडे तेवढंच आहे. आता हिने त्याला विचारलं आणि तो म्हणाला, "कोण? आठवत नाही," तर? किंवा त्याहून वाईट काही म्हणाला तर? वाईट म्हणजे काय ते लिहीत नाही.

१४ जानेवारी

वर्गातून आली ती गुणगुणत. नवा चष्मा केलाय. जुना काय वाईट होता?

मग ओट्यावर शर्टाची बटणं मांडून बसली. तीन पांढरी, तीन काळी, समोरासमोर, मध्ये एक ओळ मोकळी. एकेक बटण सरकवत पुटपुटत होती, "पहिलं मरायला पुढे. दुसरंही मरायला पुढे. तिसरं वजीर."

"काय पोरखेळ चाललाय?"

"सरांनी दिलाय अभ्यास. समोरच्याचा राजा लांब असला ना, की दोन प्यादी मारायला द्यायची. तो मारत बसतो, तिसरं निसटतं आणि पार पलीकडे जाऊन वजीर होतं. गंमत आहे की नाही?"

"टेलरकडे असलं काही चालत नाही."

"तिथे काय चालतं?"

"तिथे माणसं खेळतात."

सर! मला चाळीस वर्षं "अहो". त्याला आठवड्यात "सर".

२१ जानेवारी

जेवताना सर काय म्हणाले, सर कसे म्हणाले. मोजायला सुरुवात केली होती, नाद सोडला.

कोवळ्या वयात देशाबाहेर गेला म्हणे. गारठ्याच्या गावांत, हॉटेलच्या खोल्यांत एकटा. ग्रँडमास्टर झाला त्या दिवशी सांगायला जवळ कोणी नव्हतं, म्हणून हॉटेलच्या दरवानाला सांगितलं. दरवान म्हणाला, "छान, पण जाताना चावी ठेवून जा." हे सांगताना ही इतकी हसली की ठसका लागला. मी पाणी दिलं. चावीचा विनोद मी केला असता तर एवढी हसली असती का?

पुढे तो स्वतः खेळण्याबरोबर शिकवायलाही लागला. एक पोरगा हाताशी धरला, सोंगट्या कशा चालतात इथपासून घडवला. आणि त्याच पोराने एका मोठ्या स्पर्धेत ह्याला हरवलं. पोरगा पुढे जगज्जेता व्हायच्या जवळ जाऊन आला. ह्याने त्यानंतर स्वतः खेळणं सोडलं, नुसतं शिकवत राहिला.

"सर म्हणाले, त्या दिवशी मी त्याच्यावर इतका जळलो की जेवायला खाली उतरलो नाही. म्हणाले, डाव हरलो कारण मी पटाकडे बघतच नव्हतो. त्याच्या तोंडाकडे बघत होतो, ह्याला किती आनंद झालाय ते. पट बघितला असता तर वाचलो असतो."

"असलं मनातलं तुला कशाला सांगतो?"

"मला कुठे? सगळ्या वर्गाला सांगत होते."

"वर्गाला की तुला?"

"जेवा आता. गार होतंय."

३१ जानेवारी

आज मी जे केलं ते कोणाला सांगण्यासारखं नाही. म्हणून इथे.

वाचनालयाखाली जाऊन उभा राहिलो. वरून हसण्याचा आवाज आला. मग जिना चढलो. मग दाराशी उभा राहिलो, नुसता बघायला. दार उघडंच होतं आणि फटीतून बघताना माझा कोपर लागून ते पूर्ण उघडलं. ग्रँडमास्टर फळ्यापाशी होता. केस पांढरे, शर्टाला कडक इस्त्री. त्याने माझ्या हातातल्या पिशवीकडे बघितलं. जुनी सवय, पिशवीत हत्यारं असतात.

"या, या. कपाटाचं कुलूप बघायला आलात ना? केव्हापासून निरोप देतोय."

मी म्हणालो, हो.

दुसरं काय म्हणणार? पहिल्या बाकावर ही बसली होती. हिने माझ्याकडे बघितलं, ओठ घट्ट मिटले आणि फळ्याकडे तोंड केलं. खांदे हलत होते. मी कोपऱ्यात जमिनीवर बसून कपाटाचं कुलूप खोललं. आत सगळा गंज. तो शिकवत होता, ही उत्तरं देत होती. दोनदा म्हणाला, "वा, काकू." माझ्या हातून स्क्रू खाली पडला तेव्हा त्यानेच उचलून दिला. तोंडासमोर तोंड आलं. ओळख नाही. अजिबात नाही. बरोबरी केलेल्या माणसाच्या हातात स्क्रू देत होता आणि ओळख नाही.

घरी ही एवढंच म्हणाली, "किती दिवसांनी काम केलंत. बरं वाटलं का?"

"तिथे, हा माझा नवरा आहे म्हणून सांगायला काय झालं होतं?"

"तुम्ही सांगितलंत का?"

नंतर मी डायरी काढली तर म्हणाली, "हल्ली रोज काय लिहिता?"

"तू नसतेस, मग काय करू?"

"तुम्ही रोज दुपारी टेलरकडे जाता. मी कधी डायरी लिहिली का?"



४ फेब्रुवारी

सकाळी ही खिडकीतला पट पुसत होती. एका हातात फडकं, दुसऱ्या हातात माझा राजा. तशीच उभी. दूधवाल्याने दोनदा बेल वाजवली तरी हिला ऐकू गेली नाही. मी उठून दूध घेतलं.

"काय झालं?"

"काही नाही." राजा होता तिथे हळूच ठेवला. "चहा ठेवते."

चहा आत्ताच झाला होता.

दिवसभर माझ्याशी फार गोड. दुधावरची साय सगळी मला दिली. छातीत दुखतंय का विचारलं. मी न सांगता माझी चप्पल शिवून आणली. वर्गातून आली तर गप्प, आज सर काय म्हणाले ते नाही. इतकी वर्षं मी हिला ओळखतो. मनात काही लपवायचं असलं की ही सढळ हाताने वाढते.

११ फेब्रुवारी

टेलरने आज सगळ्यांसमोर काढलंच. "अहो, तो ग्रँडमास्टर चार गल्ल्या टाकून राहतो आणि तुम्ही तोंड लपवून बसताय. घरी बोलवा. पट दाखवा. त्याच्या तोंडून ऐकू दे आम्हाला, मग मी मरेपर्यंत तुमच्या पँटी फुकट शिवीन."

"बोलावतो! रविवारीच बोलावतो! ये तूही!"

बोलून गेलो. घरी मुद्दाम लांबच्या रस्त्याने आलो.

हिला सांगितलं तर दचकली. "कशाला?"

"कशाला म्हणजे? तुझे सर ना? एक कप चहा पाजायला काय हरकत आहे?"

"हरकत नाही. पण पट कशाला दाखवायचा? जुनी गोष्ट ती. असू द्या ना तशीच."

म्हणजे माझी आणि त्याची गाठ पडायला नको आहे हिला. का नको? मी म्हणालो, पट दाखवायचा म्हणजे दाखवायचा. मग म्हणाली, "टेलरना तरी नका बोलावू."

"टेलर येणार."

"बरं," म्हणाली आणि माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मी तापाने फणफणलोय.

१६ फेब्रुवारी

उद्या येणार. त्याने लगेच हो म्हटलं म्हणे. रक्तदाबाची गोळी घेतली की नाही आठवेना, म्हणून घेतली नाही, मग भीती वाटली म्हणून घेतली.

संध्याकाळी हिने मला बिस्किटं आणायला पिटाळलं. घरात बिस्किटं होती. ती नकोत, दुसरी हवीत. परत आलो तर ही खिडकीपाशी फडकं झटकत होती.

"सकाळी पुसलास ना पट?"

"उद्या पाहुणे यायचेत. परत पुसला."

त्याच्यासाठी दोनदा पुसला. माझ्यासाठी कधी दोनदा पुसला होता?

१७ फेब्रुवारी

आला. बरोबर वेळेवर आला. टेलर त्याच्याही आधी येऊन बसला होता, गळ्यात टेप तसाच.

मला बघून ग्रँडमास्टर दारातच थांबला. "अरे! तुम्ही तर कुलूपवाले! कपाट आता एका बोटाने उघडतं हो." मग हिच्याकडे बघून, "म्हणजे हे तुमचे... आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत?"

"तुम्ही विचारलं नाहीत," ही म्हणाली.

दोघं हसले. माझ्या घरात, माझ्यावर.

टेलरला दम नव्हता. "साहेब, चहा होत राहील. आधी पट बघा. हे म्हणतात, यांनी तुमच्याशी बरोबरी केली होती."

तो खिडकीशी गेला. चष्मा काढून चष्म्याच्या घरात ठेवला, दुसरा काढून लावला, वाकला. बराच वेळ. त्याने मान वर केली आणि हिच्याकडे बघितलं. माझ्याकडे नाही, हिच्याकडे. ही कपातल्या चहाकडे बघत होती. मग तो परत वाकला.

"कारखान्याचं जेवणघर," तो म्हणाला. "शेवटचा पट. तुमच्या बोटांना ग्रीस होतं. पांढरी सोंगटी मारलीत की तिच्यावर ठसे उठायचे."

त्याला आठवत होतं! ग्रीससुद्धा आठवत होतं!

"साहेब, पण बरोबरी होती का? खरं सांगा," टेलर म्हणाला.

ग्रँडमास्टरने हातातलं चष्म्याचं घर सरळ माझ्या पटावर ठेवलं. माझ्या राजाला खेटून! आजवर त्या पटावर मी माशी बसू दिली नाही आणि हा खुशाल सामान ठेवतो. पण बोलायची ती वेळ नव्हती.

"बरोबरीच," तो म्हणाला. "चाल माझी होती, आणि मी प्यादी पुढे दामटली असती तर माझीच फजिती झाली असती. इथून यांचा राजा वेळेवर पोचतो."

टेलरचं तोंड बघण्यासारखं झालं. मला नाचावंसं वाटायला हवं होतं. पण मी बघत होतो ते त्या दोघांना. "वेळेवर पोचतो" म्हणताना त्याने परत हिच्याकडे बघितलं. आणि हिने या खेपेला मान वर केली. डोळे भरले होते हिचे. तो किंचित हसला. हिने मान खाली घातली. नवऱ्याच्या विजयाच्या दिवशी परक्या माणसाकडे बघून बाई डोळ्यांत पाणी आणते, याचा अर्थ काय लावायचा?

जाताना दारात तो हिला हळूच म्हणाला. हळू म्हणाला तरी माझे कान शाबूत आहेत. "चांगली चाल सुचली, काकू."

कसली चाल? आज तर कोणी डावच खेळलं नाही.

आणि चष्म्याचं घर पटावर विसरून गेला. विसरून कसलं, मुद्दाम. परत यायला निमित्त हवं. टेलर पायऱ्या उतरताना म्हणाला, "मानलं बुवा, पँटी फुकट." मला पँटींचं सुखसुद्धा झालं नाही.

१८ फेब्रुवारी

ही वर्गाला गेली. मी म्हणालो, त्याचं चष्म्याचं घर तूच नेऊन दे, मला त्याचं तोंड बघायचं नाही. हो म्हणाली आणि विसरून गेली. म्हटलं, आपणच उचलून दारापाशी ठेवावं.

उचललं तर खाली पटावर एक काळसर गोल.

खिडकीतल्या उन्हाने तो पट विटलाय. इतक्या वर्षांत लाकूड पांढरं पडलंय, फक्त प्रत्येक सोंगटीच्या बुडाखाली मूळचा रंग राहिलाय, अगदी गोल. मी वाकून बघितलं. प्यादी आपापल्या गोलांवर. त्याचा राजा त्याच्या गोलावर. माझा राजा मात्र नाही. त्याचा गोल रिकामा, आणि तो शेजारच्या घरात उभा. एक घर आत, प्याद्यांच्या बाजूला.

असा संताप आला. शिकून शहाणी झाली आणि रोजचं काम विसरली! सरांच्या नादात राजाची जागा चुकली! राजा उचलला, गोलावर ठेवला. मग हात थांबला. रोज पुसते, एकदाही चुकली नाही. लेकीच्या लग्नाच्या दिवशी चुकली नाही. तिची आई गेली त्या दिवशीही नाही. आणि परवा, सकाळी पुसलेला पट परत पुसताना चुकली? मला बिस्किटांना पाठवून?

खुर्ची ओढून बसलो. तीन पांढरी, तीन काळी, समोरासमोर, मध्ये एक ओळ मोकळी.

बटणं.

त्याचं मधलं प्यादं पुढे ढकललं. पहिलं मरायला. मी मारलं. दुसरं मरायला. मारलं. तिसरं सुटलं. माझा राजा त्याच्यामागे निघाला आणि एक घर कमी पडला. म्हटलं, आपण चुकीच्या प्याद्याने मारलं असेल. परत मांडलं, दुसऱ्या बाजूने मारलं. तेच. कसंही मारलं तरी त्याचा वजीर होतो. मग राजा तिने ठेवला होता त्या घरात ठेवला. नीट बघून मारलं, राजा निघाला. पोचला.

बरोबरी नव्हतीच. टेबलाशी हात पुढे केला तेव्हा त्या पोराला हे दिसत असणार. त्याला न दिसायला काय झालं? तो पटाकडे बघून डाव जिंकला होता, आणि मग माझ्या तोंडाकडे बघितलं त्याने. काय दिसलं असेल माझ्या तोंडावर? फोरमन मागे उभा होता. सगळे उभे होते.

आणि काल त्याने तो रिकामा गोल बघितला, हिला बघितलं, आणि गोलावर चष्म्याचं घर ठेवलं.

मला दोघांचा भयंकर राग आला. मग ध्यानात आलं की ते दोघं माझ्या पाठीमागे जे काही करत होते, ते एवढंच होतं.

जिन्यावर हिची चाहूल लागली. मी राजा उचलून तिने ठेवला होता तिथे ठेवला आणि चष्म्याचं घर गोलावर.

"राहिलंच की हो हे," ही आत येत म्हणाली.

"राहू दे. गुरुवारी मी नेऊन देतो."

२० फेब्रुवारी

काल टेलरकडे गेलो नाही. आजही नाही. तो पोराला पाठवून विचारतोय, पँटीचं माप केव्हा देता. सांगितलं, पँटी आहेत मला.

दुपारी खिडकीतला पट उचलला आणि टेबलावर आणून ठेवला. खिळ्यांच्या डब्यातून बाकीच्या सोंगट्या काढल्या. ही धुतलेले कपडे घेऊन आली ती दारातच उभी राहिली.

"हे काय?"

"बस. खेळू."

"या पटावर? आणि बरोबरी?"

"पाठ आहे मला."

माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी पट मांडत होतो. मग कपडे खुर्चीवर टाकून समोर बसली.

संथ खेळते. चाल करायच्या आधी बोट उचलते आणि हवेतच धरते, मीठ घालावं की नको असं. मी नेहमीसारखा घोडे उधळत गेलो. टेलरकडे चालतं ते. इथे एक घोडा गेला, मग दुसरा अडकला. माझा राजा कोपऱ्यात, तिचा हत्ती मोकळ्या रांगेत. मी तिच्याकडे बघितलं नाही. पट बघितला. सगळं दिसत होतं. हत्ती शेवटच्या ओळीत आला की संपलं.

तिचं बोट हत्तीवर गेलं, थांबलं, मागे आलं. मग तिने पटावरून हात पुढे केला.

"बरोबरी?"

तोच हात. त्याचा गोरा होता, हिच्या बोटांना साबणाचा वास. मी त्या हाताकडे बराच वेळ बघत बसलो असेन, कारण ती म्हणाली, "अहो?"

"हात मागे घे. खेळ."

"पुरे आता. दमलात तुम्ही."

"दमलो नाही. तुझी चाल आहे. खेळ म्हणतो ना."

तिने हत्ती उचलला, शेवटच्या ओळीत नेला आणि इतका अलगद ठेवला की आवाज झाला नाही. मी राजा आडवा केला.

"राग आला?" तिने विचारलं.

"आला."

"कोणाचा?"

"टेलरचा."

"त्या बिचाऱ्याने काय केलं?"

"इतकी वर्षं माझ्याशी हरत आला. काही शिकवलं नाही."

मग जी हसायला लागली ती चावीच्या विनोदाला हसली होती त्याहून जास्त. डोळ्यांतून पाणी आलं. पदर न सापडून माझ्याच धुतलेल्या शर्टाला डोळे पुसले.

मी तिला काही विचारलं नाही. तिने काही सांगितलं नाही.

२१ फेब्रुवारी

हिच्याबरोबर वाचनालयाचा जिना चढलो. पिशवी घेतली नव्हती. ग्रँडमास्टरच्या हातात चष्म्याचं घर दिलं.

"पटावर राहिलं होतं," मी म्हणालो.

"हो का?" तो म्हणाला. "पट कसा आहे?"

"मोडला. खेळायला घेतला."

तो चष्म्याचं घर नुसतं हातात फिरवत राहिला. मग विचारलं, "कोण जिंकलं?"

मी हिच्याकडे बोट केलं. त्याचा चेहरा असा खुलला की मला परत जळजळ झाली. शिकवलं त्याने, हरलो मी, आणि आनंद त्याला. शिकवायचं तर मीच शिकवायला हवं होतं हिला. हे मी सोडणार नाही, मनात ठेवणार आहे.

"मागच्या बाकावर जागा आहे," तो म्हणाला. "एकदा आपणही खेळू. नीट."

"मी हरेन."

"हो," तो म्हणाला.

बसलो मागच्या बाकावर. गुडघे मावत नाहीत तिथे.

हे लिहितोय तोवर हिने पट टेबलावर मांडलाय आणि विचारतेय, झालं का लिहून. झालं म्हटलं. वर बघितलं तर पांढऱ्या सोंगट्या तिने आपल्याकडे घेतल्यात. काल पांढऱ्या तिच्याच होत्या. हे मात्र चालायचं नाही.